युद्धकाळांतील विलायती परसबाग

मोरीचें सांडपाणी जेथें वाहून जातें तेथें अळूचा वाफा, त्याच्या पलीकडे दोनचार केळी, वईवर चढविलेला घोसाळ्याचा वेल, आणि कोपऱ्यांत शेवग्याचें झाड. आपल्याकडील जुन्या घराची ही परसबाग कोणीं मुद्दाम योजून केली असें वाटतच नाहीं. घर उभें राहिलें कीं त्याच्या मागोमाग ती येई. त्याच घरांत जुन्या लुगड्यांची गोधडी होई, दोडक्याच्या शिरांची चटणी होई, आणि कोंड्याचा मांडा करणाऱ्या गृहिणीचें नांव आळींत आदरानें घेतलें जाई. या गुणाची स्तुति आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलों आहों. इतिहासकाराची मात्र त्यापुढें अडचण होते. अळूच्या वाफ्याचा जमाखर्च कोणत्याही दप्तरांत सांपडत नाहीं, आणि जें दप्तरांत नाहीं तें किती मोलाचें होतें हें सांगणें कठीण.

म्हणून आज मीं एक असा काळ निवडला आहे कीं ज्यांत एका मोठ्या राष्ट्राच्या सरकारनेंच परसांतल्या वाफ्याला दप्तरांत जागा दिली. त्याचे नकाशे छापले, त्याच्यावर कायदे केले, त्याच्यासाठीं नभोवाणीची घटका राखून ठेवली आणि शेवटीं त्याचा हिशोबही मांडला. दुसऱ्या महायुद्धांतील ब्रिटनविषयीं मी बोलत आहें. घरची काटकसर संकटकाळीं खरोखर किती भार उचलूं शकते, हा प्रश्न आपणां सर्वांच्या घरांत कधींना कधीं उभा राहतो. त्याचें उत्तर शोधावयास या हकीकतीइतकें चांगलें साधन दुसरें मला आढळलें नाहीं.

१९३९ सालच्या सप्टेंबरच्या ३ तारखेस ब्रिटननें जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलें, तेव्हां त्या देशाची स्थिति मोठी विलक्षण होती. साम्राज्य जगभर पसरलेलें, पण स्वतःच्या ताटांतील सुमारें दोनतृतीयांश अन्न परदेशाहून जहाजांनीं येणारें. वर्षाला दोन कोटि टनांच्या आसपास खाद्यपदार्थ बंदरांत उतरत. कानडाचा गहूं, न्यूझीलंडचें लोणी, डेन्मार्कचें बेकन, वेस्ट इंडीजची साखर, आसामचा आणि सिंहलद्वीपाचा चहा. इंग्रजाच्या न्याहारीचें टेबल म्हणजे जगाचा नकाशाच होता. जर्मन पाणबुड्यांना ही गोष्ट पुरती ठाऊक होती. शिवाय उरलेल्या जहाजांत जागा ती किती असणार? ती गव्हाला द्यावी, दारूगोळ्याला द्यावी, कीं सैनिकांना द्यावी, हा वाद रोजचा. परसांत चार कांदे पिकले तर तेवढी जागा जहाजावर मोकळी झाली, असा हा साधा हिशोब होता.

ऑक्टोबरच्या आरंभीं शेतकी मंत्री सर रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ यांनीं नभोवाणीवरून लोकांना आवाहन केलें कीं, लागवडीचे आणखी पांच लक्ष तुकडे तयार करा. या गृहस्थांचें नांव श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें अगदीं निराळ्या प्रदेशांत तें आपणांस पुन्हां भेटणार आहे. मोहिमेचें मूळ नांव 'अधिक पिकवा' असें साधेंच होतें. मग एका वृत्तपत्राच्या अग्रलेखांतून 'विजयासाठीं खणा' ही घोषणा निघाली आणि तीच लोकांच्या तोंडीं बसली. भिंतीवरच्या चित्रांत ना सेनापति, ना राजा. फावड्यावर दाबलेला एक मजबूत बूट आणि खालीं ढेंकळें, एवढेंच.

'तुकडा' हा शब्द मीं वापरला तो जरा समजावून दिला पाहिजे. इंग्लंडच्या शहरांतील कामकरी लोकांचीं घरें एकमेकांस चिकटून असतात आणि मागचें अंगण बहुधा ओंजळीएवढें. त्यामुळें गांवाच्या कडेला नगरपालिकेच्या जमिनीचे लहान लहान भाग पाडून ते थोडक्या भाड्यानें लोकांना भाजीपाल्यासाठीं देण्याची तेथें जुनी रीति आहे. अशा एका तुकड्याचें ठराविक माप ९० फूट लांब आणि ३० फूट रुंद, म्हणजे आपल्या मापानें सुमारें अडीच गुंठे. ही जमीन कोणा दयाळू सरदारानें आपण होऊन वाटून दिली असें मात्र समजूं नये. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत गांवोगांवचीं सामाईक कुरणें पार्लमेंटच्या कायद्यांनीं कुंपणें घालून जमीनदारांच्या पदरांत टाकण्यांत आलीं, आणि ज्या गरिबाची एक गाय व चार बदकें त्या कुरणावर जगत तो उघडा पडला. त्याच्याही पूर्वीं, १६४९ सालीं, जेरार्ड विन्स्टन्ली नांवाच्या मनुष्यानें कांहीं गरीब सोबती घेऊन सरे परगण्यांतील सेंट जॉर्जेस हिल या टेंकडीवर पडीत जमीन खणून तींत गाजरें व पावटे लावावयास आरंभ केला होता. जमीन सर्वांची आहे असें त्याचें म्हणणें. शेजारच्या जमीनदारांनीं त्या सर्वांना मारून हांकलून दिलें. मागणी आल्यास लागवडीचे तुकडे उपलब्ध करून देणें हें स्थानिक संस्थांचें कर्तव्य आहे असें निःसंदिग्धपणें ठरविणारा कायदा १९०८ सालचा. १६४९ मध्यें ज्या कृत्यासाठीं मार मिळाला त्याच कृत्यासाठीं १९३९ मध्यें सरकार विनवण्या करूं लागलें, ही गोष्ट मला तरी फार बोधक वाटते.

युद्धापूर्वीं असे सुमारें आठ लक्ष पंधरा हजार तुकडे होते. १९४३ पर्यंत ते चौदा लक्षांच्या घरांत गेले. घरांमागील बागा त्यांत धरलेल्या नाहींत. लंडनच्या प्रसिद्ध किल्ल्याभोंवतींच्या खंदकांत भाजी लागली. हाइड पार्कांत, जेथें पूर्वीं श्रीमंतांचे घोडे फिरत, तेथें कोबीच्या रांगा दिसूं लागल्या. बाँबनें उध्वस्त झालेल्या ईस्ट एंडच्या बेथ्नल ग्रीन भागांत पडलेल्या घरांच्या विटा उचलून, चाळलेल्या मातीचे वाफे करून, मुलांनीं व म्हाताऱ्यांनीं भाजी काढली. घराघराच्या मागें जमिनींत चार फूट खोल पुरलेलें पन्हळी पत्र्याचें कमानदार आश्रयस्थान असे. त्याच्या पाठीवर संरक्षणासाठीं मातीचा जाड थर टाकावा लागे. त्या मातींत भोपळ्याचे वेल सोडण्याची युक्ति कोणाला प्रथम सुचली कोण जाणे, पण ती देशभर पसरली. खालीं माणसें बाँबवर्षाव चुकवीत बसलेलीं आणि वर भोपळा फुगत असलेला, असें तें दृश्य होतें.

परंतु खणणें सोपें, पिकविणें कठीण, आणि वर्षभर पिकविणें सर्वांत कठीण. नवशिक्या लोकांची पहिल्या वर्षींची चूक सर्वत्र एकच होती. वसंत ऋतूंत सगळें बीं एकदम पेरावयाचें. मग जुलै-ऑगस्टमध्यें लेट्यूस आणि घेवडा इतका यावा कीं शेजारी दार उघडीनासे व्हावेत, आणि जानेवारींत, जमीन गोठलेली असतां, टोपलींत कांहीं नाहीं. म्हणून सरकारी पत्रकांचा सारा भर हिंवाळ्यावर असे. ९० फुटी तुकड्याचे तीन भाग पाडलेला नकाशा त्यांत छापलेला असे. एका भागांत वाटाणा, पावटा, कांदा व तत्सम. दुसऱ्यांत बटाटे आणि कंदमुळें. तिसऱ्यांत थंडींत उभा राहणारा कोबीचा परिवार. दरवर्षीं हे भाग फिरवावयाचे, म्हणजे तिसऱ्या वर्षीं प्रत्येक पीक प्रत्येक भागांतून जाऊन येई. शेंगांच्या पिकानें जमिनीला नत्र मिळे आणि कोबीच्या मुळांचा रोग एका जागीं मुक्काम करीत नसे. स्वयंपाकघरांतील सालें-देठ, गवत, पाला यांची खतखड्ड्यांत रवानगी. यांत नवीन कांहीं नव्हतें. आपल्या शेतकऱ्याला पिकाची फेरपालट आणि उकिरडा हे कोणीं छापील पत्रकानें शिकविले नाहींत. शहरी कारकुनाला मात्र तें सर्व प्रथमपासून शिकावें लागलें.

आणि त्याला तें शिकविलें तें प्रामुख्यानें एका आवाजानें. सेसिल हेन्री मिडल्टन हे १८८६ सालीं नॉर्दॅम्प्टनशरमधील एका खेड्यांत जन्मलेले. वडील तेथील सिटवेल कुटुंबाच्या वाड्यावर माळीकाम पाहणारे. बाळपणापासून बाग हीच त्यांची शाळा, आणि पुढें क्यू येथील प्रख्यात उद्यानांत त्यांनीं काम केलें. १९३१ सालीं ते नभोवाणीवर प्रथम बोलले, आणि कांहीं वर्षांत रविवारीं दुपारचें जेवण झाल्यावर मिडल्टनसाहेबांचें भाषण ऐकावयाचें हा लाखों घरांचा परिपाठ झाला. १९४० च्या सुमारास त्यांच्या श्रोत्यांची संख्या पस्तीस लक्षांपर्यंत गेल्याचा अंदाज आहे. मोठ्या वक्त्यांप्रमाणें ते बोलत नसत. कुंपणापलीकडचा शेजारी हातांतलें खुरपें न ठेवतां हवापाण्याविषयीं चार शब्द बोलतो, तसें त्यांचें बोलणें. जमीन कशी खणावी हें सांगतांना पाठ दुखते हें ते आधीं कबूल करीत. ध्वनिक्षेपकासमोर बसणाऱ्या माझ्यासारख्यानें त्यांच्यापासून पुष्कळ शिकण्यासारखें आहे, पण तो विषय वेगळा.

मला त्यांच्याविषयीं विशेष आपुलकी वाटते ती दुसऱ्याच कारणानें. हा मनुष्य मनानें फुलांचा होता. शांततेच्या काळांत त्यांचीं भाषणें गुलाबांवर, खडकांतल्या वेलींवर, हिरवळींवर होत. युद्ध आलें आणि त्यांना आपल्याच श्रोत्यांना सांगावें लागलें कीं हिरवळ उखडा, फुलांचे ताटवे मोडा, कांदे लावा. तें त्यांनीं सांगितलें, आणि फुलांचे दिवस पुन्हां येतील हा दिलासा ते मधूनमधून देत राहिले. एखादा कोपरा फुलांसाठीं राखला तर त्याला देशद्रोह मानण्याइतके ते कर्मठ नव्हते.

आतां कांद्याची गोष्ट. कांदा ही वस्तु ब्रिटन बहुतांशीं बाहेरून आणीत असे. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांताचे लोक सायकलींवर कांद्यांच्या माळा टांगून इंग्लंडांत दारोदार विकीत. १९४० च्या जूनमध्यें फ्रान्स पडला, चॅनल बेटें जर्मनांच्या हातीं गेलीं, आणि हा पुरवठा एका झटक्यांत थांबला. १९४१ च्या आरंभीं कांदा इतका दुर्मिळ झाला कीं कचेऱ्यांतून एकेका कांद्याची सोडत लागे आणि वाढदिवसास कांदा भेट मिळाला तर माणूस धन्य होई. ज्यांच्या घरीं रोजची फोडणी कांद्याची आहे त्यांना या हाल-अपेष्टेची कल्पना वेगळी देण्याचें कारण नाहीं. पुढल्या हंगामांत प्रत्येक तुकड्यावर कांद्याचे वाफे उठले आणि दोन वर्षांत ती टंचाई पुष्कळशी हटली. परसबागेच्या यशाचें हें सर्वांत स्वच्छ उदाहरण: वस्तु वजनानें थोडी, स्वयंपाकाला आवश्यक, आणि लहान वाफ्यांत होण्याजोगी.

पिकलेलें शिजवावयाचें कसें, हा पुढचा धडा. अन्नाचें नियंत्रण ८ जानेवारी १९४० पासून सुरू झालें होतें. माणशीं आठवड्याला ४ औंस बेकन, ४ औंस लोणी, १२ औंस साखर; मग मांस, चहा, चीज, एकेक करून सर्व पुस्तिकेंत आलें. चहा दोन औंस, आणि चीज तर १९४१ च्या मे महिन्यांत एक औंसापर्यंत खालीं गेलें. एप्रिल १९४० मध्यें अन्नमंत्री झालेले लॉर्ड वुल्टन पूर्वीं मोठ्या दुकानांचे व्यवस्थापक होते. गिऱ्हाइकाला 'नाहीं' कसें म्हणावें आणि तरीही तें हंसत परत कसें पाठवावें, ही विद्या त्यांनीं सरकारांत आणली. जून १९४० पासून रोज सकाळीं सव्वाआठला पांच मिनिटें स्वयंपाकघरासाठीं नभोवाणीवर कार्यक्रम होऊं लागला. कधीं दोन विनोदी बहिणी पाककृति सांगत, कधीं डॉक्टर आंतड्यांच्या तक्रारींवर बोलत. बटाटे सालीसकट उकडा. भाजी उकळलेलें पाणी टाकूं नका, सूप करा. एकदां उकळी आली कीं भांडें गवत भरलेल्या पेटींत झांकून ठेवा, बाकीचें तें आपलें आपण शिजेल. या शेवटल्या युक्तीवर आपल्या आज्या हंसल्या असत्या; त्यांच्या चुलीचा वैल दुसरें काय करीत होता?

सॅव्हॉय हॉटेलच्या आचाऱ्यानें रचलेला एक बिनमांसाचा पदार्थ वुल्टनसाहेबांच्या नांवानें प्रसिद्ध झाला: बटाटा, गाजर, फ्लॉवर, सलगम यांचें मिश्रण, थोडें ओट, आणि वर आच्छादन. लोकांनीं तो खाल्ला, आणि त्याची थट्टाही मनसोक्त केली. गाजराचा महिमा तर निराळाच. साखर कमी आणि गाजरें मुबलक, म्हणून गाजराचा हलवा सोडून त्याचें सर्व कांहीं करण्यांत आलें. रात्रीं जर्मन विमानें पाडणारा जॉन कनिंगहॅम गाजरें खाऊन अंधारांत पाहतो, अशी वार्ता पसरविण्यांत आली. खरें कारण विमानांत बसविलेलें रडार, आणि तें गुप्त ठेवावयाचें होतें. जर्मनांनीं या गप्पेवर विश्वास ठेवला असें मला वाटत नाहीं, पण इंग्लंडांतल्या आयांनीं ठेवला, आणि कित्येक मुलांना नावडतीं गाजरें खावीं लागलीं.

शेरभर भाजीच्या सालांचेंही मोल झालें. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर डुकरांच्या खाद्याचे डबे ठेवलेले असत. टॉटनम येथें असा उष्टा-माष्टा शिजवून त्याचा घट्ट लगदा करण्याची व्यवस्था निघाली, आणि तें खाद्य त्या गांवाच्या नांवानेंच ओळखलें जाऊं लागलें. शेजाऱ्यांनीं मंडळ्या काढून डुकरें पाळलीं. युद्धाच्या अखेरीस अशा सुमारें ६,९०० मंडळ्या होत्या. अंड्यांचें रेशन सोडून द्यावयास जो तयार असेल त्याला कोंबड्यांसाठीं खाद्य मिळे. १९४० च्या ऑगस्टपासून अन्न वायां घालविणें हा गुन्हा ठरला, आणि पक्ष्यांना पाव टाकल्याबद्दल एका बाईला दहा पौंड दंड झाल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. कपड्यांवर १ जून १९४१ पासून नियंत्रण आलें: वर्षाला माणशीं ६६ कूपनें, आणि एका कोटांतच त्यांतलीं चौदापंधरा उडावयाचीं. तें गुपित शेवटपर्यंत इतकें राखलें होतें कीं वेगळीं कूपनें न छापतां मार्गरिनचीं उरलेलीं कूपनें वापरावयास सांगितलें. मग पडद्याचा झगा, बापाच्या विजारीची मुलाची चड्डी, उसवलेल्या दोन सदऱ्यांचा एक सदरा. १९४३ सालीं सरकारनें या विद्येचें पुस्तकच काढलें. गोधडी शिवणाऱ्या आपल्या बायकांना तसलें पुस्तक वाचून नवल वाटलें असतें तें एवढेंच कीं, हें छापावें लागलें.

येथें थोडें थांबून एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. अशा काळाचें वर्णन करतांना सर्व राष्ट्र एका पंगतीला बसलें होतें असा भास होतो. तसें तें नव्हतें. उपाहारगृहांतील जेवण रेशनाबाहेर होतें. ज्याच्या खिशांत पैसा तो तेथें जाऊन जेवी. ओरड झाली तेव्हां १९४२ मध्यें जेवणाची किंमत पांच शिलिंगांवर नेऊं नये असा नियम झाला. आणि काटकसरीचा खरा बोजा कोणाच्या खांद्यावर पडला? दिवसा कारखान्यांत काम, संध्याकाळीं दुकानापुढें रांग, रात्रीं आश्रयस्थान, आणि उरलेल्या वेळांत सालें न काढतां बटाटे उकडणें. फावड्यावरचा बूट चित्रांत पुरुषाचा दिसतो. पुरुष सैन्यांत गेल्यावर तो बहुतेक घरीं बाईनेंच घातला.

तर मग या सर्वांचा हिशोब काय निघाला? घरबागा व तुकडे मिळून वर्षाला दहा लक्ष टनांहून अधिक भाजीपाला निघाला असा सरकारी अंदाज होता. आंकडा मोठा आहे. पण भाजींत पाणीच फार. पोटाची आग विझते ती धान्यानें. ब्रिटनला जगविलें तें मुख्यतः सुमारें साठ लक्ष एकर गवताळ जमीन नांगरून लावलेल्या पिकांनीं, आणि पाणबुड्यांतून वांचून आलेल्या जहाजांनीं. संपूर्ण युद्धांत तेथें पाव आणि बटाटे यांवर एकही दिवस रेशन नव्हतें. पाव करड्या रंगाचा असे, लोक त्याला नांवें ठेवीत, पण तो मिळे. १९४० च्या जुलैपासून गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता आणि पांच वर्षांखालील मुलें यांना रोज एक पाइंट दूध दोन पेन्सला, आणि गरिबांना फुकट, मिळूं लागलें. इंग्लंड व वेल्समध्यें दर हजारीं बालमृत्यु १९३९ सालीं सुमारें ५१ होते. बाँबवर्षावाच्या १९४१ सालीं ते ६० वर गेले, पण १९४४ सालीं ४५ पर्यंत उतरले. युद्ध चालू असतांना मुलें अधिक जगावीं हें आश्चर्यच म्हटलें पाहिजे, आणि त्याचें श्रेय कोबीपेक्षां त्या दुधाला, पावाला आणि भाव बांधून देणाऱ्या व्यवस्थेला अधिक जातें. परसबागेनें त्या खालच्या भक्कम थरावर चव घातली, जीवनसत्त्वें घातलीं, आणि माणसांच्या हातांना काम दिलें. खालचा थर नसता तर?

या प्रश्नाचें उत्तर शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. ज्या डॉर्मन-स्मिथ यांनीं १९३९ सालीं विलायतेंत भाजी पिकविण्याची हांक दिली, ते १९४१ च्या मे महिन्यांत ब्रह्मदेशाचे गव्हर्नर होऊन रंगूनला आले. ८ मार्च १९४२ रोजीं रंगून जपान्यांच्या हातीं गेलें, आणि कांहीं आठवड्यांनीं गव्हर्नरसाहेब विमानानें हिंदुस्थानांत येऊन सिमल्यास राहिले. ब्रह्मी तांदूळ मात्र आला नाहीं. मुंबई, मद्रास, त्रावणकोर, बंगाल, या सर्वांना त्याची संवय होती. बंगालच्या किनाऱ्यावर शत्रूला मिळूं नयेत म्हणून सरकारनें होड्या काढून घेतल्या. भाव चढले, साठे दडले, आणि १९४३ मध्यें शेतमजूर, कोळी व कारागीर यांच्या मजुरींत तांदूळ येईनासा झाला. लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाकडे धान्यासाठीं जहाजें मागितलीं, तेव्हां मागणीच्या अंशाहून अधिक पदरांत पडलें नाहीं. सरकारी चौकशी मंडळानें १९४५ सालीं मृतांचा आंकडा सुमारें पंधरा लक्ष धरला. पुढच्या अभ्यासकांचे अंदाज तीस लक्षांपर्यंत जातात. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं दाखवून दिलें कीं प्रश्न केवळ धान्य किती होतें हा नव्हता, तें विकत घेण्याचें बळ कोणापाशीं उरलें होतें हा होता.

बंगाली गृहिणी काटकसरींत कोणाला हार जाणारी नव्हे. केळफूल, केळीचा गाभा, भोपळ्याच्या वेलाचे कोंवळे शेंडे, भाजीचीं सालें, यांतलें कांहींही तिच्या स्वयंपाकांत वायां जात नाहीं. त्या वर्षीं खेड्यापाड्यांतले लोक तळ्याकांठचें रानटी अळू उपटून, उकडून खात होते. ज्या अळवाच्या वाफ्यानें मीं आरंभ केला तेंच अळू. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

मुंबई वांचली. तिच्या परसबागांनीं तिला वांचविलें असें नव्हे. गिरणगांवच्या चाळींत परस तरी कोठें आहे? मुंबईंत २ मे १९४३ पासून धान्याचें रेशनिंग सुरू झालें, आणि श्रीमंत-गरीब सर्वांच्या हातीं कार्ड आलें. धान्यांत खडे होते, तांदूळ अपुरा होता, रांगा लांब होत्या, आणि त्या तक्रारी ज्यांनीं केल्या ते जिवंत राहिले. कलकत्त्यास अशी व्यवस्था जानेवारी १९४४ च्या अखेरीस झाली. मधले नऊ महिने हेच दुष्काळाचे महिने होते.

त्याच काळांत 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम हिंदुस्थानभर सुरू झाली. नांवसुद्धां विलायतेंतल्या मूळ मोहिमेचें. १९४६ च्या टंचाईंत गांधीजींनीं शोभेच्या बागांतून भाजी पिकवावी असें सुचविलें, आणि बंगल्यांच्या आवारांत कांहीं ठिकाणीं तसें झालेंही. १९५२ सालीं कृष्णम्माचारी समितीनें या मोहिमेची छाननी केली, तेव्हां तिला दिसलें कीं बियाणें व खत स्वतंत्रपणें वांटून खेड्याचें जीवन बदलत नाहीं. विस्तार-सेवेची कल्पना तेथूनच पुढें आली. तो सगळा इतिहास शेताचा आहे, परसाचा नव्हे, म्हणून मी त्यांत शिरत नाहीं.

विलायतेंत युद्ध संपल्यावरही फावडीं खालीं ठेवतां आलीं नाहींत. युद्धांत जो पाव मोकळा होता त्यावर जुलै १९४६ मध्यें रेशन आलें आणि तें दोन वर्षें टिकलें. शेवटचें नियंत्रण, मांसावरचें, ४ जुलै १९५४ रोजीं उठलें, म्हणजे एकंदर चौदा वर्षें झालीं. जपाननें शरणपत्रावर सही केल्यानंतर सोळा दिवसांनीं, १८ सप्टेंबर १९४५ रोजीं, मिडल्टनसाहेब आपल्या घराबाहेर एकाएकीं कोसळून मरण पावले. फुलांवर पुन्हां मनमोकळें बोलण्याचे दिवस त्यांना लाभले नाहींत. हळूहळू हाइड पार्कांत हिरवळ आली, खंदकांतली भाजी गेली, पुष्कळ तुकडे घरबांधणीखालीं गेले. परसांतलीं तीं पत्र्याचीं आश्रयस्थानें कांहीं सरकारनें परत नेलीं; कांहीं लोकांनीं थोडी किंमत देऊन ठेवून घेतलीं, जमिनींतून उकरून वर काढलीं आणि त्यांत फावडीं, झाऱ्या, सुतळीचीं बंडलें व बियांच्या पुड्या ठेवल्या. कांहीं जुन्या परसांत तो गंजलेला कमानदार पत्रा अद्यापि उभा आहे.